शिवणखोलीतला बँड

आमच्या वरच्या मजल्यावरचे भोंगेकाका नोकरीभर पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचत होते आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये भोंगा वाजवत होते. भोंगा म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य. अजगरासारखं अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचं. त्याचं तोंड डोक्याच्या वर उघडतं, आणि ते एवढं मोठं की आत एखादं मांजर संसार थाटून राहील. त्यातून फक्त खालचे सूर निघतात. गाण्याची चाल क्लॅरिनेट वाजवते, तिला ट्रम्पेट उत्तर देतं, आणि भोंगा म्हणतो, "पों." थोडं थांबून पुन्हा, "पों." काकांनी हे "पों" आयुष्यभर वेळेवर म्हटलं. मीटर वाचतानाही त्यांचा तोच बाणा होता. जायचं, आकडा बघायचा, टिपायचा, निघायचं. कोणाच्या घरात काय शिजतंय याकडे ढुंकून बघायचं नाही.

बँड लहानसाच होता. क्लॅरिनेटला मास्तर होते. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण बँडची गाणी तेच बसवत, म्हणून ते मास्तर. ट्रम्पेटला एक बेकरीवाला होता आणि ढोलाला एक पोस्टमन. लग्नं, दुकानांची उद्घाटनं, शाळांची संमेलनं, बोलावणं येईल तिकडे जायचे. कार्यक्रम आटोपून बाहेर पडताना वाजवायला मास्तरांनी स्वतः एक गाणं रचलं होतं. त्याला नाव असं नव्हतं. सगळे त्याला 'निघतानाचं' म्हणत.

बँड मोडला तो या निघतानाच्या गाण्यावरूनच. त्याच्या अगदी शेवटी क्लॅरिनेट एकटी वर चढते आणि एक उंच सूर धरून ठेवते. बाकीच्यांनी तेव्हा गप्प बसायचं, असं ठरलेलं होतं. एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला बेकरीवाल्याने तोच सूर ट्रम्पेटवर घेतला आणि मास्तरांचा सूर संपला तरी सोडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "पाव करपला तर फेकून देता येतो. सूर करपला की लोकांच्या कानात राहतो."

बेकरीवाला म्हणाला, "लोकांचे चेहरे दिसले नाहीत वाटतं तुम्हाला? चष्मा बदला. दुकान घरचंच आहे."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एकमेकांशी बोलत नसतील तर बँडमध्ये उरतं काय? पों आणि धुम. त्याला कोणी बोलावत नाही. भांडणात आपण कोणाच्या बाजूने, हे दोघांनीही काकांना वेगवेगळं गाठून विचारलं होतं. काका दोघांनाही एकच म्हणाले, "तिथे मला विराम असतो."

पुढे काका निवृत्त झाले. घरी बसल्यावर त्यांनी कपाटावरचा भोंगा खाली काढला, पुसून लख्ख केला आणि हॉलच्या मधोमध उभं राहून निघतानाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. म्हणजे आपला भाग वाजवला. खाली आमच्याकडे मांडणीतल्या कपबशा एका ठरावीक सुराला कुजबुजायला लागल्या.

काकू मागच्या खोलीत शिवत होत्या. पडदे आणि शाळांचे गणवेश शिवून देण्याचा त्यांचा धंदा आहे आणि तो काकांच्या नोकरीपेक्षा बरा चालत आला आहे. त्या गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर आल्या.

"हा आवाज तुमचा?"

"मग कोणाचा?"

"तसं नाही. बँडमध्येसुद्धा तुम्ही हेच वाजवत होता?"

"हेच."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्ही नुसते शोभेला उभे असता."

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी बँड पुष्कळदा ऐकला होता आणि नवरा त्यात आहे याचा त्यांना अभिमानही होता. त्यातला कुठला आवाज नवऱ्याचा, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. काका पुढचे दोन-तीन दिवस गप्प होते. पण एरवीही ते फारसे बोलत नसल्यामुळे काकूंच्या ते लक्षात आलं नाही. मग एका सकाळी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं, "मला घरी रेकॉर्डिंग करायचंय. आपण इतकी वर्षं काय वाजवलं, ते एकदा ऐकायचंय मला."

ही बातमी काकूंच्या धाकट्या भावापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हा मेव्हणा पंख्यांच्या कारखान्यात नोकरी करतो आणि पंखे सोडून बाकी सगळ्या विषयांवर सल्ला देतो. उंटावरचा शहाणा म्हणावं, तर हा उंटही स्वतःचाच घेऊन येतो. रविवारी तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेंची चळत होती.

"दाजी, आवाज भिंतीवर आपटतो आणि परत येतो. हे ट्रे भिंतींना लावायचे, म्हणजे तो त्यात अडकून बसतो."

काकूंनी ट्रे बघितले. "अंडी कुठेयत?"

"अंडी लागत नाहीत, ताई. नुसते ट्रे लागतात."

"ते कळलं. पण अंडी कुठेयत?"

या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. मेव्हण्याने पिशवीतून एक लांबट चकचकीत माईक आणि तो संगणकाला जोडायची एक पेटी काढली. कधीकाळी त्याला स्वतःची भाषणं रेकॉर्ड करायची होती, तेव्हा त्याने हे सगळं घेतलं होतं. एक भाषण झाल्यावर विषय संपले होते. "असातसा माईक नाही हा. टाचणी पडलेली ऐकतो," तो म्हणाला.

"मला टाचणी नाही ऐकायची," काका म्हणाले. पण बायकोच्या भावाला एका मर्यादेपुढे विरोध करता येत नाही. हॉलच्या भिंतींना ट्रे चिकटवले गेले. काका माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी निघतानाचं वाजवलं. मेव्हण्याने डोळे मिटून मान डोलावली.

मग सगळ्यांनी ते ऐकलं. आधी स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला, मग खालच्या मजल्यावरचा माझा मिक्सर. मग काकूंचं आतल्या खोलीतून बहिणीशी फोनवर चाललेलं बोलणं ऐकू आलं, शब्द न् शब्द: "हो ना, आलाय. अंड्यांचे ट्रे घेऊन. लहानपणापासून तसाच आहे गं, आपण काय करणार?" या सगळ्यामागे कोणीतरी गॅलरीतून पत्रा ओढत नेत असावं, असा एक आवाज होता. तो भोंगा.

काकूंना आपला आवाज फारच आवडला. "किती स्वच्छ आलाय! पुन्हा लावा की," त्या म्हणाल्या. मेव्हण्याने पुन्हा लावलं नाही. माईक चांगला आहे एवढं मात्र सिद्ध झालं होतं. तो घरी निघून गेला, माईक आणि पेटी तिथेच विसरून. काकांनी दोन्ही वस्तू फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची त्यांना सवय नाही.

सोमवारी काका वाद्यांच्या आणि माईक-स्पीकरच्या एका दुकानात गेले. दुकान तळघरात आहे आणि एक बाई ते चालवतात. त्यांचा चष्मा कायम डोक्यावर असतो आणि त्या तो कायम शोधत असतात.

"काय रेकॉर्ड करायचंय?" बाईंनी विचारलं.

"भोंगा."

"गाडीचा?"

"वाजवायचा."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं. मग त्यांनी घराची चौकशी केली. हॉल केवढा, खाली फरशी की आणखी काही, भिंती उघड्या की झाकलेल्या. जागेचं वर्णन करणं हे काकांच्या हातचं काम होतं. त्यांनी घर असं सांगितलं की बाईंना ते फिरून पाहिल्यासारखं वाटलं असावं. अंड्यांच्या ट्रेंचं आणि टाचणी ऐकणाऱ्या माईकचंही त्यांनी सांगितलं.

"त्याने काही होत नाही," बाई म्हणाल्या. "घरात सगळ्यांत जास्त कापड कुठल्या खोलीत आहे?"

"बायकोच्या शिवणखोलीत. भिंतीच दिसत नाहीत. छतापर्यंत पडद्यांचे तागे आहेत."

"मग तुमचा स्टुडिओ तयार आहे. बायकोला विचारलंत?"

"नाही."

"मग तयार नाही."

बाईंच्या दुकानात मागच्या बाजूला जुन्या वस्तूंचं एक कपाट आहे. त्याला त्या 'उत्साहाचं कपाट' म्हणतात. लोक उत्साहाच्या भरात एकदम सगळं विकत नेतात, आणि उत्साह संपला की एकदम सगळं परत आणून देतात. म्हणून त्यांचा एक नियम आहे: नव्या गिऱ्हाइकाला एका वेळी एकच वस्तू द्यायची. त्यांनी कपाटातून एक जाडजूड, बुटका माईक काढला. तो मोठ्या ढोलासाठी बनवलेला होता. "खालचे सूर पकडायला हाच हवा," त्या म्हणाल्या. "तुमचा तो टाचणीवाला माईक नाजूक प्रकृतीचा आहे. भोंग्यापुढे इतका जवळ धरला तर दुसरं काय होणार? याच्या अंगावर तुम्ही ओरडलात तरी हा मनाला लावून घेत नाही."

काका माईक घेऊन घरी आले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पेटीशिवाय या माईकचा आवाज संगणकात शिरत नाही. मेव्हण्याची पेटी कपाटात होती, पण ती मेव्हण्याची होती. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तळघरात उतरले.

"पेटी कालच का नाही दिलीत?"

"काल मला माहीत नव्हतं, तुम्ही परत येणाऱ्यांपैकी आहात की परत आणणाऱ्यांपैकी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेटी दिली.

शिवणखोलीचा करार जरा अवघड गेला. काकूंनी हातातलं शिवण खाली न ठेवता अटी सांगितल्या. दुपारी जेवणानंतर त्या आडव्या होतात, तेवढाच वेळ खोली मिळेल. तागे हलवायचे नाहीत. भोंग्यात साठलेलं पाणी पांढऱ्या कापडाच्या आसपास सांडायचं नाही, त्यासाठी पातेलं घेऊन बसायचं. आणि गणवेशाच्या हंगामात स्टुडिओ बंद.

"आडवी होणार म्हणतेस, पण आवाजाने झोप लागेल का तुला?" काकांनी विचारलं.

"शाळेच्या बॅगा शिवायची ऑर्डर होती तेव्हा मशीनवरच झोपत होते मी. तुम्ही वाजवा."

त्या दुपारी काकांनी दार लावलं, पातेलं मांडलं आणि वाजवलं. मी खाली मिक्सर बंद ठेवला होता, कारण काकांनी आधी येऊन तशी विनंती केली होती. वाजवून झाल्यावर त्यांनी संगणकावर ऐकलं. काहीच नाही. कान अगदी जवळ नेला तेव्हा लांब कुठेतरी कोणी लाकडाला टिचक्या मारतंय, असं वाटलं. फोनवर विचारलं तेव्हा मेव्हणा म्हणाला, "रेकॉर्ड झालंच नाही, दाजी. मशीन बदला." इतकी वर्षं माणसांना भोंगा ऐकू आला नव्हता, आता यंत्रालाही येईना. काका संगणक घेऊन तळघरात गेले.

"झालंय की रेकॉर्ड," बाईंनी संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची जाडजूड नक्षी दाखवली. "लहान स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत हो. दम नसतो त्यांच्यात. हे घ्या." आणि त्यांनी एक मोठा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन काकांच्या डोक्यावर चढवला.

काका तिथेच एका खोक्यावर बसले. त्यांना काय वाटलं हे त्यांनी मला पुढे एकदा जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, "कोणीतरी माणूस शांतपणे जिना चढत होता. एक पायरी चुकत नव्हता." गाणं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा बाईंनी तो काढून घेतला, पुसला आणि खोक्यात घालून त्यांच्या हातात दिला.

घरी त्यांनी तो काकूंच्या कानांवर ठेवला. काकू शेवटपर्यंत ऐकत बसल्या. त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर हलत होता. मशीन बंद होतं. "म्हणजे तुम्ही बरंच काम करत होता," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली. हा विषय दोघांनी तिथेच संपवला.

इथेच सगळं थांबलं असतं. पण पुन्हा पुन्हा ऐकताना काकांना दुसऱ्या कडव्यातला एक सूर खुपायला लागला. जिना चढणारा माणूस तिथे दर वेळी जरा अडखळत होता. तीन दिवस त्यांनी सहन केलं. मग संगणक आणि हेडफोन पिशवीत घालून ते मास्तरांच्या चष्म्याच्या दुकानात गेले.

मास्तर एका गिऱ्हाइकाचा एक डोळा झाकून त्याला अक्षरं वाचायला लावत होते. "तसेच बसा," असं त्याला सांगून त्यांनी हेडफोन घातला. कडवं आलं तसं त्यांनी बोट वर केलं. "हा सूर चुकीचा आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला तो आवडतो. पुढे मी क्लॅरिनेट त्याच्यावरच बसवली. आता तुम्ही बरोबर वाजवलंत, तर माझं चुकेल."

"मी डोळा उघडू का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

मास्तरांनी त्याला थांबायला सांगितलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. ऐकताना त्यांची बोटं काउंटरवर क्लॅरिनेटच्या भोकांचा अंदाज घेत होती. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं. "यावर वाजवता येईल?"

येत होतं. एकाने वाजवून ठेवायचं, दुसऱ्याने ते कानात ऐकत आपलं वाजवायचं, आणि यंत्र दोन्ही एकत्र करून ठेवतं. पण जाड्या माईकमधून क्लॅरिनेट सर्दी झालेल्या माणसासारखी ऐकू आली. काकांनी तळघरात चौकशी केली. बाई म्हणाल्या, "आता तो टाचणीवाला आणा. शांत खोली, चार हात अंतर, आणि वाजवणाऱ्याच्या बोटांकडे तोंड. विकत कशाला घेता? घरात आहे ना?"

काकांनी मेव्हण्याला फोन करून परवानगी मागितली. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," मेव्हणा म्हणाला, आणि दुपारी कारखान्यातून सुट्टी काढून स्वतः हजर राहिला. क्लॅरिनेट खरोखरच सुरेख आली. टाचण्या तर त्या खोलीत होत्याच, पण त्या दिवशी एकही पडली नाही.

मास्तर वाजवून गेल्यावर काकूंनी ऐकलं. "हे असं अर्धवट का? फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतंय."

"तिथे ट्रम्पेट उत्तर देतं," काका म्हणाले. "मास्तर म्हणाले, तिथे काही नको."

"पोशाखाला एकच बाही लावली तर गिऱ्हाईक घेईल का?"

काका बेकरीत गेले. बेकरीवाला भट्टीपुढे होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो माणूस असणार का तिथे?"

"नाही. ते येऊन गेले."

"मग खोलीत कोण असेल?"

"मी. आणि बायकोचं मशीन."

तो आला, पिठाचे हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. हेडफोन लावून ऐकायला लागला. टाचणीवाल्या माईकने क्लॅरिनेटबरोबर मास्तरांचा श्वासही टिपला होता. प्रत्येक ओळीआधी तो ऐकू येत होता. जुन्या दिवसांत रस्त्यावरच्या गोंगाटात कोणी तो ऐकला नसेल. "दम लागतो म्हाताऱ्याला आता," बेकरीवाला हळूच म्हणाला. मग त्याने आपली उत्तरं वाजवली, एरवीपेक्षा बरीच हळू, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देऊन. काका म्हणतात, बँडमध्ये असं एकदाही झालं नव्हतं. शेवटचा उंच सूर आला तेव्हा त्याने काकांकडे बघितलं. काकांना तिथे विराम होता. त्याने सूर घेतला.

पोस्टमनचा ढोल दोन दिवसांनी झाला. त्या वेळी काकूंची बटणांची पेटी टेबलावरून खाली आली आणि आमच्याकडची एक बशी गेली. पोस्टमन स्वतः खाली येऊन दिलगिरी व्यक्त करून गेला.

आता सगळं काकांच्या संगणकात होतं, प्रत्येकाच्या वाद्याची पडद्यावर वेगळी पट्टी. पट्टीवरचा खटका वर सरकवला की ते वाद्य मोठं, खाली सरकवला की लहान. दोन शेवटच्या सुरांचं काय करायचं, हे काकांना उमगत नव्हतं. क्लॅरिनेटचा खटका वर केला की बेकरीवाला डोळ्यांपुढे येई, ट्रम्पेटचा केला की मास्तर. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या दुपारी ऐकायला बोलावलं. पण बेकरीवाल्याच्या दुपारी काकूंची एक तातडीची ऑर्डर निघाली आणि त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगावं लागलं. दुसरा दिवस मास्तरांचा होता. हे काकांच्या लक्षात आलं तेव्हा दोघंही दारात उभे होते.

हेडफोन एकच होता. मास्तरांनी आधी ऐकलं, मग बेकरीवाल्याने. काकू कॉलर लावत होत्या.

"पुन्हा घेतलास शेवटी," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांनी बेकरीवाल्याला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

"घेतला. तुमचा दम संपत होता. कोणीतरी धरायला नको?"

"माझा दम संपत नव्हता. मी सूर हळूहळू सोडत होतो. त्याला सोडणं म्हणतात."

"गाणं सोडायचं असतं का? निघतानाचं आहे, पळतानाचं नाही."

"तुला काय कळतं त्यातलं? तुला पाव फुगवायचे माहीत. सूरही फुगवतोस."

हे बराच वेळ चाललं. फर्निचरच्या दुकानापासूनचं सगळं निघालं. त्याआधीचंही निघालं. मग काका म्हणाले, "माईक चालू आहे."

काकूंनी दोरा तोडला. "भांडण उत्तम आलं असेल," त्या म्हणाल्या. "आता तो सूर काय तो एकदा वाजवा दोघांनी, आणि मला खोली द्या."

दोघं टाचणीवाल्या माईकसमोर उभे राहिले. आधी मास्तर सुरू करतील, त्यांचा सूर उतरायला लागला की बेकरीवाला तो हातात घेईल, असं ठरलं. काकांनी हेडफोन त्यांच्या मधोमध धरला, एक कान याला, एक कान त्याला. तसं झालंही. फक्त, आधी कोणी सोडायचा यावर एकमत नसल्यामुळे तो सूर फार लांबला. मास्तर लाल झाले होते. बेकरीवाल्याचे डोळे बाहेर आले होते. शेवटी दोघांनी एकदमच सोडला आणि दोघंही ताग्यांना टेकून खाली बसले. काकूंनी पाणी आणून दिलं.

बँड काही पुन्हा सुरू झाला नाही. लग्नांना आता कोणी बोलावत नाही, आणि बोलावलं तर मास्तरांना रस्त्यावर चालत वाजवणं झेपायचं नाही. पण आठवड्यातून एका दुपारी चौघं शिवणखोलीत जमतात. एका वेळी एकच वाजवतो, बाकीचे गणवेशाच्या गठ्ठ्यांवर बसून तो कसा चुकतोय ते ऐकतात. त्यासाठी तळघरातल्या बाईंनी उत्साहाच्या कपाटातून आणखी तीन हेडफोन काढून दिले, तेही एकदम. नियम मोडल्याचं काकांनी त्यांना दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही नवे राहिला नाहीत आता."

निघतानाचं गाणं पुरं झालं तेव्हा काकांनी प्रत्येकाला त्याची एक प्रत दिली. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी फोन केला: सगळं छान आहे, क्लॅरिनेट जरा कमी वाटते. संध्याकाळी बेकरीवाल्याचा फोन आला: ट्रम्पेट जरा कमी आहे. पोस्टमनने ढोलाबद्दल तेच पत्र टाकून कळवलं. मेव्हण्याचं म्हणणं पडलं की माईक कमी वाटतो. म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. काकांनी वाद घातला नाही. मास्तरांना क्लॅरिनेट वर केलेली प्रत दिली, बेकरीवाल्याला ट्रम्पेट वर केलेली, पोस्टमनला ढोल वर केलेली. स्वतःसाठी भोंगा वर केलेली ठेवली. काकू शिवताना तीच लावतात, मोठ्या स्पीकरवर, आणि माप द्यायला आलेल्या बायका खाली जाताना मला विचारतात, पाण्याचा पंप बिघडलाय का. आपली प्रत हीच खरी, असं चौघंही समजून आहेत.

परवा मी काकांना म्हटलं, "मलाही द्या ना एक. इतक्या दुपारी मिक्सर बंद ठेवलाय मी."

"देतो की," ते म्हणाले. मग जिन्यात थांबले. "तुमची कुठली देऊ?"

"म्हणजे?"

"तुमचं वाद्य कुठलं?"

"माझं कुठलंच नाही. मी नुसती ऐकणार."

काका विचारात पडले. नुसतं ऐकणाऱ्यासाठी त्यांनी एकही प्रत केलेली नव्हती. "वेळ लागेल," ते म्हणाले आणि वर गेले. त्यानंतर बऱ्याच दुपारी वरून एकाच गाण्याचे तुकडे ऐकू येत राहिले. आठवडा उलटल्यावर ते प्रत घेऊन खाली आले आणि दारातच उभे राहिले. मी आत बोलावलं, गाणं लावलं आणि दोघांनी ते पूर्ण ऐकलं. क्लॅरिनेट विचारत होती, ट्रम्पेट उत्तर देत होतं, ढोल आपल्या जागी होता, आणि शेवटचा सूर इतका लांब चालला की मला मधेच हसू आलं.

"कसं वाटलं?" काकांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. "भोंगा जरा कमी वाटतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ते उठले, चपला घातल्या. "बघतो," ते म्हणाले, आणि एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.